मस्कतमधली एक रथसप्तमी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आखाती देशांतल्या मराठी कुटुंबांविषयी आपल्या रविवार पुरवणीत आलेला लेख मी दोनदा वाचला. तिथल्या नोकऱ्या, मंडळांचे गणेशोत्सव, गावाकडे पाठवलेल्या पैशांतून उभी राहिलेली घरे यांविषयीची माहिती लेखकाने कष्टाने गोळा केली आहे, आणि तिच्याबद्दल माझे काहीच म्हणणे नाही. माझे म्हणणे आहे ते लेखाच्या शेवटी बायकांसाठी राखलेल्या दोन ओळींबद्दल. तिथल्या गृहिणींचा वेळ भिशी, हळदीकुंकू आणि एकमेकींकडच्या कॉफीत मजेत जातो, अशा अर्थाचे ते वाक्य आहे. मी १९९६ पासून २०१९ पर्यंत ओमानच्या राजधानीत, मस्कतला, राहिले. सुट्टीत पुण्याला आले की हेच वाक्य मी जावा-नणंदांकडून, माहेरच्या शेजारणींकडून आणि एकदा तर बँकेतल्या साहेबांकडूनही ऐकले आहे, आणि प्रत्येक वेळी उत्तर न देता घरी परतले आहे. आता ते छापून आल्यामुळे उत्तर देणे मला भाग आहे. वाद घालण्यापेक्षा त्या दिवसांपैकी एक दिवस जसा गेला तसा आपल्यापुढे ठेवते. माझ्या वहीत त्याची नोंद आहे.

तो दिवस होता बुधवार, २४ जानेवारी २०१८. त्या वर्षी रथसप्तमी त्या दिवशी आली होती, म्हणजे संक्रांतीच्या हळदीकुंकवाचा तो शेवटचा दिवस होता, आणि ज्यांचे राहून गेले होते त्या सगळ्यांनी तोच धरला होता. मस्कतमध्ये असे दिवस एकावर एक का येतात हे इथल्या वाचकांना सहज लक्षात येणार नाही. मे महिन्यापासून तिथला उकाडा सोसवेनासा होतो, जून-जुलैत शाळांना सुट्टी लागली की बायका-मुले भारतात येतात, आणि त्यामुळे मायलेकी, शेजारणी, मैत्रिणी यांनी एकमेकींसाठी करायचे सगळे नवरात्रातल्या भोंडल्यापासून गुढीपाडव्यापर्यंतच्या सहा महिन्यांत बसवावे लागते. सण आठवड्याच्या मधल्या वारी आला तर त्याची सुट्टी नसते. शुक्रवार-शनिवारवर ढकलता येतात ते कार्यक्रम मंडळाचे. रथसप्तमी ढकलता येत नाही.

मुलांची शाळेची बस सव्वासहाला खाली येत असे. डबे, मग नवऱ्याची न्याहारी, मग आदल्या रात्री वळलेल्या तिळाच्या लाडवांच्या पुड्या, इतके आटोपून मी साडेनऊला गाडी काढली आणि दोघींना वाटेत घेऊन अल खुवैरला एका नव्या बिऱ्हाडात गेले. गाडीचा उल्लेख मी मुद्दाम करते आहे. मस्कत हे डोंगर आणि समुद्र यांच्यामध्ये लांबट पसरलेले शहर आहे. शहरात नियमित बससेवा सुरू झाली ती २०१५ च्या अखेरीस. त्याआधी ज्यांच्याकडे गाडी नाही त्यांना नारिंगी-पांढऱ्या, मीटर नसलेल्या टॅक्सीशिवाय पर्याय नव्हता, आणि नव्याने आलेली मुलगी कडेवर मूल घेऊन अनोळखी टॅक्सीवाल्याशी भाडे ठरवायला धजत नसे. तिथे वाहन परवाना मिळवायचा तर उभ्या केलेल्या ड्रमांच्या मधून गाडी मागे घेण्याची परीक्षा, चढावरची परीक्षा आणि मग प्रत्यक्ष रस्त्यावरची परीक्षा द्यावी लागे. आमच्यातल्या ज्यांनी ती दिली त्यांनी नंतर वर्षानुवर्षे बाकीच्यांना दवाखान्यात, शाळेत, विमानतळावर नेले. कुणी त्याचे पेट्रोल मोजले नाही.

नव्या बिऱ्हाडात जाण्याला आपल्या लेखात कॉफीचे निमंत्रण म्हटले आहे. कॉफी होती, हे खरे आहे. पण त्या दीड तासात काय झाले ते सांगते. कुटुंब आणण्यासाठी लागणाऱ्या पगाराची अट ओमान सरकारने २०१७ मध्ये ६०० रियालांवरून ३०० वर आणली होती, त्यामुळे त्या हिवाळ्यात तरुण बिऱ्हाडे एकामागून एक येत होती, आणि ही मुलगी त्यांतलीच एक. ती अहमदनगर जिल्ह्यातली, फार्मसी शिकलेली, लग्नानंतर चार वर्षे गावाकडच्या एका औषधांच्या दुकानात काम केलेली. नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या बाईला वेगळा परवाना मिळाल्याशिवाय तिथे नोकरी करता येत नाही, हे तिला ठाऊक होते; पण ठाऊक असणे वेगळे आणि सकाळी सात वाजता दार लागल्यावर दुपारी एकपर्यंत दोन वर्षांच्या मुलाखेरीज कुणाशी न बोलणे वेगळे. तीन आठवडे ती इमारतीच्या बाहेर पडली नव्हती. पिण्याच्या पाण्याच्या बाटल्यांची कूपने कुठे मिळतात, मुलाच्या लसींचे उरलेले डोस कुठे द्यायचे, शाळाप्रवेशाचे अर्ज कधी निघतात, रुवीच्या कोणत्या दुकानात कुळथाचे पीठ आणि हळीव मिळतात, हे सगळे आम्ही तिला सांगितले. आमच्यातल्या एका वहिनींनी तिला हातात धरून खाली नेले आणि किराणा दुकानदाराशी, इमारतीच्या पहारेकऱ्याशी तिची ओळख करून दिली. निघताना ती दारात रडली. पुढे तीच मुलगी नव्या बिऱ्हाडांची यादी ठेवू लागली, आणि अजून ठेवते.

भिशी त्याच बैठकीत झाली. बारा जणी, महिन्याला प्रत्येकी २० रियाल, म्हणजे एका हप्त्याचे २४०. तेव्हाच्या भावाने साधारण चाळीस हजार रुपये. स्वतःचे उत्पन्न नसलेल्या बाईच्या हातात एकरकमी येणारे ते एकमेव पैसे असत. त्या महिन्याची चिठ्ठी माझ्या नावाची निघाली होती, पण एकीच्या वडिलांना सोलापूरला अर्धांगाचा झटका आला होता आणि नवऱ्याचा पगार दोन महिने अडकला होता, म्हणून नंबर बदलून ते पैसे तिला दिले. तिने त्याच रात्रीचे तिकीट काढले आणि तिच्या मुलांना दोन घरांनी वाटून घेतले. चिठ्ठ्यांचा हा नंबर बदलताना कुणाला कारण जाहीर करून सांगावे लागत नसे. नुसते ‘मला पुढचा चालेल’ असे म्हटले जाई.

तिथून मी दारसैतला एका बाळंतिणीकडे डबा घेऊन गेले. बाळंतपणाला आई येते ही आपल्याकडची रीत, परदेशात ती व्हिसा, तिकीट आणि आईची तब्येत या तिन्हींवर अवलंबून असते. या मुलीच्या आईचे त्याच महिन्यात मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले होते. त्यामुळे चाळीस दिवसांचा तक्ता केला होता, त्यात चौदा घरे होती, आणि प्रत्येक घराला ठरलेल्या वारी शेपूची किंवा मेथीची भाजी, भाकरी, मऊ भात, तूप असे न्यायचे होते. बाळाला तेल लावून न्हाऊ घालणारी बाई पुण्यात शोधली तर मिळते, तिथे मिळत नाही. ते काम दापोलीजवळच्या गावातून आलेल्या एका काकूंनी वीस वर्षे केले. मुस्लिम कोकणी घरातल्या या काकू मराठी बोलत ती आमच्यापैकी अनेकींपेक्षा गोड होती, आणि मस्कतमधल्या किती मराठी बाळांचे पहिले न्हाणे त्यांच्या पायांवर झाले याची मोजदाद त्यांनी स्वतःही ठेवली नाही. त्या हळदीकुंकवालाही येत, कुंकू लावून घेत नसत, तिळगूळ आणि फूल घेत, आणि जाताना यजमानिणीच्या मुलाच्या हातावर काहीतरी ठेवून जात.

दुपारी एकला घरी परतावे लागे, कारण तिथल्या कितीतरी खासगी कंपन्यांत तेव्हा दोन पाळ्यांचे ऑफिस होते आणि पुरुष जेवायला घरी येत. चारला मुलांचा मराठीचा वर्ग माझ्याकडे असे. त्याविषयी इथे लिहीत नाही, तो विषय स्वतंत्र पत्राचा आहे.

पाचनंतर हळदीकुंकू सुरू झाले. सात घरे होती. दोन घरी बोरन्हाण होते, काळ्या झबल्यांवर हलव्याचे दागिने घातलेली बाळे मधोमध बसली होती आणि भोवतीची मुले बोरे वेचत होती. ही बोरे, हरभऱ्याचे घाटे आणि उसाची कांडकी मिळवण्यासाठी कुणीतरी आठवडाभर आधी दुकानदाराला सांगून ठेवलेले असते. गुलाबदाणीत आम्ही तिथलेच गुलाबपाणी घालत असू. ओमानच्या जबल अख्दर या उंच डोंगरावर एप्रिलच्या सुमारास गुलाब फुलतात आणि मातीच्या भट्टीवर त्यांचे पाणी काढतात. त्याला किंचित धुरकट वास असतो. मला आता इथले बाटलीतले गुलाबपाणी हळदीकुंकवाचे वाटत नाही. आमच्या इमारतीत तळमजल्यावर राहणारी ओमानी शेजारीण दर वर्षी येई, हिंदी उत्तम बोलत असे, येताना ओमानी हलवा घेऊन येई आणि धोफारच्या लोबानाची धुपाटणी आमच्या दिवाणखान्यात ठेवी. तिच्या मुलीच्या लग्नात आम्ही बाराही जणी मेंदीच्या रात्री तिच्या घरी होतो.

वाणाच्या बाबतीत मला आमच्यातला एक दोष सांगितला पाहिजे. काही वर्षे कुणाचे वाण किती भारी याची चढाओढ लागली, आणि ज्यांच्या नवऱ्यांचे पगार लहान होते त्या बायका ‘यंदा आमच्याकडे सोयर आहे’ अशी कारणे सांगून हळदीकुंकू टाळू लागल्या. हे कळायला आम्हाला फार उशीर झाला, याचे मला अजून वाईट वाटते. मग वाणात फक्त खायची किंवा घरात रोज लागणारी वस्तू, आणि तीही एका रियालात दोघींना देता येईल अशी, असे ठरवले गेले आणि सर्वांनी ते पाळले.

सहावे घर माझ्या दृष्टीने त्या दिवसाचे सर्वांत महत्त्वाचे होते. आमच्यातल्या एकीचे यजमान डिसेंबरात, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी, हृदयविकाराने गेले होते. पार्थिव भारतात नेण्याचे सोपस्कार पुरुषांनी केले: मृत्यूचा दाखला, पोलिसांचा दाखला, दूतावासाचे ना हरकत पत्र, विमान कंपनीची कागदपत्रे. अंत्यसंस्कारानंतर मुलीची परीक्षा आणि घर आवरणे यांसाठी ती परत आली होती, कारण तिचा तिथला निवास नवऱ्याच्या नोकरीवर होता आणि ती नोकरी आता नव्हती. बावीस वर्षांचे घर तिला काही आठवड्यांत बंद करायचे होते.

विधवेला हळदीकुंकवाला बोलवायचे की नाही यावरून आमच्यात पूर्वी, २००९ मध्ये, मोठा वाद झाला होता. दोन-तीन जणींनी काही महिने येणे बंद केले होते. अखेर ज्या काकू सगळ्यांत कर्मठ समजल्या जात त्यांनीच सांगितले की परदेशात जिला घर नाही, माहेर नाही, तिला आपणच दारातून परत पाठवले तर ती कुणाकडे जाईल, आणि तेव्हापासून निमंत्रण सर्वांना जाऊ लागले. त्या रथसप्तमीला ही मैत्रीण सहाव्या घरी आली. यजमानिणीने तिला विचारले, ‘लावू का?’ आणि तिने मान हलवल्यावर इतरांप्रमाणेच तिला हळद आणि कुंकू लावले. खोलीत कुणी काही बोलले नाही. पुण्यात, २०२४ च्या संक्रांतीला, माझ्या स्वतःच्या सोसायटीत एका सख्ख्या शेजारणीला निमंत्रण गेले नाही, म्हणून हा प्रसंग मी विस्ताराने लिहिते आहे.

सातवे घर आटोपल्यावर, रात्री नऊला, आम्ही आठ जणी त्या मैत्रिणीच्याच घरी गेलो. काठापदराच्या साड्या होत्या त्याच अंगावर. भांडी कागदात गुंडाळून खोक्यांत भरणे, कार्गोवाला किलोवर पैसे घेतो म्हणून काय न्यायचे आणि काय वाटून टाकायचे ते ठरवणे, कपाटातले नवऱ्याचे कपडे तिला उचलवत नव्हते ते उचलणे, अशी कामे होती. लग्नापूर्वी मुंबईत बँकेत असलेल्या एका वहिनींनी तिच्याबरोबर बसून एक यादी केली: कंपनीकडून येणे असलेली नोकरीअखेरची रक्कम, बँकेतल्या खात्याचे काय करावे लागेल, विम्याचे कागद, मुलीच्या शाळेचा दाखला, गाडी कुणाच्या नावावर करायची. तिला यातले काहीही माहीत नव्हते, कारण ते तिच्या नवऱ्याने तिला सांगण्याची वेळच आली नव्हती. त्या रात्रीनंतर आमच्या गटात प्रत्येक बाईने आपल्या घरच्या कागदांची अशी यादी करून स्वतःजवळ ठेवावी असे ठरले, आणि अनेकींनी ती केली. मी रात्री साडेअकराला घरी आले. दुसऱ्या दिवशी बस सव्वासहालाच होती.

आता आपल्याला वाटेल की हा एक दिवस विशेष होता. त्यातले दुःख विशेष होते, बाकीचे नव्हते. या बायकांचे एकमेकींकडे सतत येणे-जाणे असते म्हणूनच कोणत्या घरात काय हवे आहे हे त्यांना न विचारता कळते, आणि संकटाच्या दिवशी ते उपयोगी पडते. ६ जून २००७ ला गोनू चक्रीवादळ मस्कतवर आले तेव्हाचे सांगते. एरवी कोरड्या असणाऱ्या वाद्या, म्हणजे तिथल्या ओढ्या-नाल्यांची पात्रे, भरून वाहू लागल्या, कुरुम भागात पाणी शिरले, रस्ते तुटले, आणि समुद्राचे पाणी गोडे करणारे घुब्रा आणि बरकाचे प्रकल्प बंद पडल्यामुळे शहरात पाण्याचे हाल सुरू झाले. ओमानमध्ये त्या वादळात पन्नासच्या आसपास माणसे गेली. त्या आठवड्यात आमच्याकडे जी एकमेव यादी होती ती भिशीच्या वहीतली: बावीस घरांचे पत्ते आणि फोन. कुणाच्या गच्चीवरच्या टाकीत पाणी आहे, कुणाकडे तान्हे मूल आहे, कोण गरोदर आहे, कुणाचा नवरा साइटवर अडकला आहे, हे आम्हाला पाठ होते, कारण आम्ही रोज एकमेकींच्या घरी जात होतो. आमच्या दोन खोल्यांच्या घरात चार दिवस सतरा माणसे होती. ती वही माझ्याकडे आहे, तिची पाने ओलीने चिकटलेली आहेत, आणि पाण्याच्या बादल्यांचा हिशेब तिच्यात पेन्सिलीने लिहिलेला आहे.

आपल्या लेखकाला हे दिसले नाही याचा दोष मी त्यांना देत नाही. मंडळाची नोंदणी असते, इतिवृत्त असते, स्मरणिका असते, अध्यक्षांचे छायाचित्र असते. चाळीस दिवसांच्या डब्यांच्या तक्त्याला यातले काही नसते. बाळ सव्वा महिन्याचे झाले की तो कागद फ्रिजवरून काढून टाकतात. शिवाय आम्ही स्वतःही हे कधी काम म्हणून सांगितले नाही. भारतात परतल्यावर माझ्या एका मैत्रिणीने शाळेत नोकरीसाठी अर्ज केला, तेव्हा अठरा वर्षांच्या रकान्यात तिने ‘गृहिणी’ इतकेच लिहिले, आणि मुलाखतीत तिला ‘मध्ये बराच खंड दिसतो’ असे सांगितले गेले. त्या अठरा वर्षांत तिने दीडशेच्या वर मुलांना मराठी लिहायला शिकवले होते.

म्हणून आपल्याला माझी विनंती अशी आहे. त्या लेखाची दुरुस्ती छापावी असे मी म्हणत नाही. पण सत्तर-ऐंशीच्या दशकांत मस्कत, दुबई, कुवेत, बहारीनला गेलेल्या मराठी बायका आता पुण्या-मुंबईत, नाशिक-कोल्हापुरात परतल्या आहेत आणि त्यांतल्या थोरल्या ऐंशीच्या घरात आहेत. त्यांच्याकडे अशा वह्या आहेत, हळदीकुंकवाच्या याद्या आहेत, बाळंतविड्याचे हिशेब आहेत, दर काही वर्षांनी नूतनीकरण होणाऱ्या व्हिसाच्या तारखांनी भरलेली जुनी कॅलेंडरे आहेत. घर आवरताना सुना-मुली ते कागद रद्दीत देतात, कारण त्यांना ते कशाचे आहेत हे माहीत नसते. आपल्या पुरवणीने या बायकांना लिहायला सांगावे. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्याकडे कुणाला पाठवून ते टिपून घ्यावे. दापोलीच्या त्या काकू आता गावी असतात, त्यांना डोळ्यांनी कमी दिसते, पण कोणते बाळ कोणत्या इमारतीत जन्मले हे त्या अजून न चुकता सांगतात. त्यांच्याकडे सर्वांत आधी जायला हवे.

माझी गोनूची वही आणि त्या रथसप्तमीचे पान मी आपल्या कार्यालयात दाखवायला आणू शकते. वही मात्र मी ठेवून जाणार नाही; तिच्या छायाप्रती काढून घ्याव्यात. गुरुवार सोडून कोणत्याही दिवशी सकाळी अकरानंतर मला सवड असते. गुरुवारी आमच्या इमारतीतल्या एका बाळंतिणीचा डबा माझ्याकडे आहे.

आपली विश्वासू,
एक वाचक, पुणे